आवेग सगळे सारखेच, मग उजेड कुठला आणि आवाज कुठला हे मेंदूला कळतं कसं?

खटपट्या:
'ज्ञानेंद्रियं मेंदूकडे माहिती पाठवतात' हे वाक्य शाळेपासून पाठ आहे, पण 'पाठवतात' म्हणजे नेमकं काय करतात, इथेच घोडं पेंड खातं. चेतातंतूतून जाणारा आवेग डोळ्यातून निघो की पायाच्या अंगठ्यातून, असतो सारखाच: साधारण १ मिलिसेकंद टिकणारी, ठरावीक उंचीची विजेची उसळी. हे खरं धरलं तर तीन गोष्टी जुळत नाहीत.

१. आवेग एकसारखे असतील तर हा उजेडाचा आणि हा आवाजाचा हे मेंदूला कोण सांगतं?
२. उसळीची उंची बदलत नसेल तर मंद आणि लख्ख, कुजबुज आणि किंकाळी यांतला फरक कसा पोचतो?
३. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या वर, आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू जेमतेम १० ते १२ लाख. बाकीची माहिती गळते कुठे?

'मेंदू त्याचा अर्थ लावतो' हे उत्तर कृपया नको. त्याने प्रश्न फक्त एक पायरी वर ढकलला जातो.

अक्षतंतू:
पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

आवेगावर 'मी उजेड' असा शिक्का नसतो. तो कोणत्या तंतूवरून आला त्यावरून तो कशाचा हे ठरतं. योहानेस म्युलर या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९व्या शतकात हा विचार मांडला आणि तो ढोबळमानाने आजही टिकून आहे. ताडून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या मागच्या खाचेत टिचकी मारा. टिचकी कोपराला, मुंग्या मात्र करंगळीत आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या बाजूला. त्या खाचेतून अल्नार चेता जाते. करंगळीला काहीच झालेलं नाही, पण तंतू करंगळीचे, म्हणून मेंदूच्या लेखी घटना करंगळीतली.

दुसरा पडताळा डोळ्याचा. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटा, बुबुळं नाकाकडे वळवा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर पापणीवरून बोट अगदी हलकं टेकवा. नाकाच्या बाजूला एक फिकट गोल चमकलेला दिसेल. उजेड शून्य, झाला तो फक्त दाब. पण दृष्टिपटलातून (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातून) काहीही निघालं की ते 'दिसतं'च. चमक विरुद्ध बाजूला का? तर दृष्टिपटलाच्या बाहेरच्या कडेवर एरवी नाकाकडून आलेला प्रकाश पडतो. (काचबिंदू, मोठा मायनस नंबर किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे करू नये.)

मेंथॉल त्वचेवर लावल्यावर गार वाटतं तेही असंच. त्वचेचं तापमान उतरलेलं नसतं. गारव्याच्या तंतूंच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचं प्रथिन असतं. साधारण २५ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचं दार उघडतं. मेंथॉल त्याला चिकटलं की तेच दार त्याहून जास्त तापमानालाही उघडतं. तंतू गारव्याचा, म्हणून निरोप 'गार'. ही प्रथिनं शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूशन यांना २०२१चं नोबेल मिळालं.

आता जोराचं. इथे दोन टप्पे वेगळे ठेवा, बहुतेक गोंधळ ते एकत्र केल्याने होतो. पहिला टप्पा रिसेप्टरचा, म्हणजे उजेड, दाब, गारवा टिपणाऱ्या पेशीचा किंवा तंतूच्या टोकाचा. तिथे विजेचा बदल कमी-जास्त होऊ शकतो: थोडा दाब, थोडा बदल, जास्त दाब, जास्त बदल. दुसरा टप्पा तंतूचा. तंतू शांत असताना आतून बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. रिसेप्टरच्या बदलाने तो उणे ५५च्या आसपास आला की सोडियमचे भारित कण आत सोडणारी दारं धडाधड उघडतात आणि उसळी पार अधिक ३०च्या पुढे जाते. उंबरठा ओलांडला तर पूर्ण उसळी, नाही तर काहीच नाही. अर्धी उसळी हा प्रकार नाही.

म्हणून जोर उसळीच्या उंचीत मावत नाही, तो संख्येत जातो. एडगर एड्रियन आणि इंग्वे झॉटरमन यांनी १९२६ साली बेडकाच्या स्नायूला वजन टांगून हे मोजलं. वजन वाढवलं की आवेगाचा आकार तोच राहिला, दर सेकंदाची संख्या वाढली. पण यालाही मर्यादा आहे. एका उसळीनंतर तंतूला सुमारे १ मिलिसेकंद दुसरी काढताच येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला काहीशे आवेगांच्या वर जाणं जड जातं. मग दुसरी सोय: जोर वाढला की ज्यांचा उंबरठा उंच आहे असे शेजारचे तंतूही बोलू लागतात. थोडक्यात, किती तंतू आणि प्रत्येकातून सेकंदाला किती, या दोन्हींवर मेंदूचा हिशेब चालतो.

सव्यापसव्य:
तिसरा प्रश्न माझ्याकडे. गळत काही नाही, गाळलं जातं. आणि ते मेंदूत नव्हे, डोळ्यातच.

दृष्टिपटलात दंडपेशी सुमारे १२ कोटी आणि शंकुपेशी सुमारे ६० लाख. यांतली एकही पेशी थेट मेंदूला तार जोडत नाही. मध्ये द्विध्रुवी पेशी, मग गुच्छिका पेशी, आणि गुच्छिका पेशींचे लांब तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता होते. शिवाय आडव्या जोडण्या करणाऱ्या पेशी वेगळ्याच. एवढा कारभार कागदाइतक्या पातळ पडद्यात चालतो.

लोकांना हमखास उलटी वाटणारी गोष्ट अशी की दंडपेशी अंधारात चालू असते आणि उजेडात गप्प होते. अंधारात तिची दारं उघडी असतात, ती सुमारे उणे ४० मिलिव्होल्टवर असते आणि ग्लुटामेट, म्हणजे पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन, सतत सोडत असते. प्रकाशाने रोडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनातल्या रेटिनल रेणूचा वाकडेपणा सरळ होतो, त्यातून रासायनिक साखळी चालते, दारं उघडी ठेवणारं सीजीएमपी कमी होतं, दारं मिटतात, पेशी आणखी उणे होते आणि ग्लुटामेट आटतं. पुढची पेशी हे 'आटणं' हाच निरोप समजते. या साखळीत एका रेणूचा परिणाम शेकडोपट वाढतो, म्हणून दंडपेशी प्रकाशाच्या एकाच कणालाही प्रतिसाद देऊ शकते. वेळ मात्र जातो.

आता गाळणं. बहुतेक गुच्छिका पेशी 'इथे किती उजेड आहे' हे कळवतच नाहीत. त्या कळवतात 'इथे आजूबाजूपेक्षा किती वेगळं आहे'. स्टीफन कुफलरने १९५३ साली मांजराच्या डोळ्यावर हे दाखवलं: मध्यभागी उजेड टाकला की पेशी जोरात बोलते, कडेच्या वलयावर टाकला की दबते, दोन्हीकडे सारखा टाकला की जवळजवळ काहीच म्हणत नाही. कोऱ्या भिंतीकडे पाहताना मेंदूकडे फार थोडं जातं. भिंतीची कड आली की तंतू जागे होतात. चित्राऐवजी चित्राच्या कडा आणि बदल पाठवायचे, हीच बचत.

दुसरी बचत असमान वाटपाची. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत एका शंकुपेशीला जवळजवळ स्वतंत्र तार मिळते. कडेला शेकडो दंडपेशी मिळून एका तारेवर. म्हणून या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखली तर चार-पाच शब्द पलीकडचा शब्द वाचता येत नाही. तो दिसतो असं मात्र वाटत राहतं.

आणि ही सगळी तारांची जुडी पडद्यातून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. तो अंध बिंदू नजरेच्या रेषेपासून सुमारे १५ अंश बाहेरच्या बाजूला असतो. कागदावर डावीकडे फुली आणि उजवीकडे, ७ सेंमीवर, १ सेंमी व्यासाचा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. २५-२६ सेंमीच्या आसपास ठिपका नाहीसा होतो.

कानामात्रा:
वरचे दोन्ही प्रतिसाद पटले, पण 'कोणत्या तारेवरून आलं एवढंच' यावर सगळं सोडून चालणार नाही. कानाने ते मोडतं.

अर्धं खरं आहे. कर्णशंखातला (आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीतला) बेसिलर पडदा सुमारे ३५ मिमी लांब. तोंडाशी अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. त्यामुळे बारीक स्वराने तोंडाकडचा भाग हलतो, खर्जाने टोकाकडचा. कोणत्या जागेच्या केसपेशींचे (कंप टिपणाऱ्या पेशींचे) केस वाकले त्यावरून स्वराची उंची कळते. म्हणजे इथेही पत्ताच. केसपेशींवरचे केस उंच बाजूकडे कलले की त्यांना जोडणारे बारीक धागे ताणले जातात, दारं ओढून उघडतात आणि पोटॅशियम आत येतं. मधे कोणतीही रासायनिक साखळी नाही, म्हणून हे डोळ्यापेक्षा कितीतरी जलद. आतल्या ओळीतल्या केसपेशी अवघ्या ३,५०० आहेत आणि श्रवणचेतेतले सुमारे ३०,००० तंतू जवळपास सगळे त्यांनाच जोडलेले. बाहेरच्या १२,००० केसपेशी ऐकवत नाहीत. त्या आकुंचन-प्रसरण पावून पडद्याची हालचाल वाढवतात. डोळ्यात कोट्यवधी पेशींमागे दहा-बारा लाख तारा, कानात एका पेशीमागे दहाच्या आसपास तारा. अगदी उलट गणित.

पण आवाज डावीकडून आला की उजवीकडून? यासाठी पडद्यावर जागाच नाही. दोन कानांपर्यंत पोचण्यातला फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदाचा, म्हणजे एका आवेगाच्या लांबीपेक्षाही कमी. आणि माणसाला त्यातला सुमारे १० मायक्रोसेकंदाचा फरक ओळखू येतो. हे जमतं कारण सुमारे ४,००० हर्ट्झपर्यंत तंतू ध्वनिलहरीच्या ठरावीक टप्प्यालाच उसळी काढतात, आणि मेंदूच्या खोडात दोन्ही कानांच्या आवेगांची वेळ ताडली जाते. तेव्हा कुठून आलं, किती आलं, याच्या जोडीला कधी आलं हेही धरा.

जोराबद्दल पुरवणी. सगळ्यात हळू आणि सहन होणारा सगळ्यात मोठा आवाज यांत सुमारे १२० डेसिबलचं अंतर. बहुतेक तंतूंचा पल्ला ३०-४० डेसिबलचा. बाकी पल्ला उंच उंबरठ्याचे तंतू सांभाळतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गोंगाटाने आधी या तंतूंच्या जोडण्या तुटताना दिसल्या आहेत. हळू आवाज ऐकणारे शाबूत राहिल्याने श्रवणचाचणीचा आलेख चांगला येतो.

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कर्णशंखात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, या पत्त्यांवरच चालतं. केसपेशी गेल्या तरी तंतू उरलेले असतात. कर्णशंखात १२ ते २२ इलेक्ट्रोडची पट्टी सरकवतात आणि स्वराप्रमाणे त्या त्या जागी वीज सोडतात. कुठे चुकतं तेही शिकण्यासारखं आहे. आत द्रव असल्याने वीज एका जागी थांबत नाही, शेजारचे तंतूही चाळवतात. त्यामुळे शांत खोलीतलं बोलणं समजतं, सुरावट मात्र विस्कटते. पट्टी बहुधा टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून खर्जाचे स्वर वरच्या पत्त्यावर पडतात आणि सुरुवातीला आवाज किरटे वाटतात. काही महिन्यांत मेंदू नवे पत्ते अंगवळणी पाडतो. श्रवणचेताच नसेल तर मात्र या यंत्राचा उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा अक्षतंतू यांच्यासाठी. पत्ता जन्मजात कोरलेला नसतो. मेंदूसंशोधक मृगांक सूर यांच्या गटाने नवजात फेरेटमध्ये (मुंगसासारखा दिसणारा प्राणी) डोळ्याचे तंतू श्रवणाच्या वाटेवर वळवले. मोठं झाल्यावर मेंदूचा श्रवणाचा भाग रेषांच्या कलाला प्रतिसाद देऊ लागला, आणि २०००च्या त्यांच्या निबंधाप्रमाणे त्या प्राण्यांना तो संदेश दिसण्यासारखाच जाणवत होता. म्हणजे मेंदूचा तुकडा 'कानाचा' असतो तो कान त्याला जोडलेला असतो म्हणून.

अक्षतंतू:
मान्य. 'ढोबळमानाने' लिहिलं होतं ते त्यासाठीच, पण वेळेचा मुद्दा मी लिहायला हवा होता.

खटपट्या:
वा, हे हवं होतं. आता उपप्रश्न. चटका बसला की हात आधी मागे येतो आणि दुखतं नंतर. तेही दोनदा: आधी सणक, मग जळजळ. वेगळ्या तारा की वेगळे वेग?

धागादोरा:
दोन्ही. तंतू जितका जाड आणि त्याच्यावरचं मायलिनचं वेष्टण जितकं चांगलं तितका वेग जास्त. स्पर्शाचे ए-बीटा तंतू सेकंदाला ३५ ते ७५ मीटर. तीक्ष्ण वेदना आणि गारवा नेणारे बारीक ए-डेल्टा ५ ते ३० मीटर. जळजळ, ठणका नेणारे सी तंतू बिनवेष्टणाचे, ०.५ ते २ मीटर. म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने. अंतर १ मीटर धरा. स्पर्श ५०च्या वेगाने ०.०२ सेकंदात, सणक १५च्या वेगाने ०.०७ सेकंदात, जळजळ १च्या वेगाने पूर्ण १ सेकंदात. दोन वेदनांमधली ती रिकामी जागा पायाच्या बोटाला ठेच लागल्यावर छान मोजता येते, अंतर जास्त म्हणून.

हात मागे घेण्याचा निर्णय पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतच होतो. तंतू मागच्या बाजूने आत शिरतो, मधल्या एक-दोन चेतापेशींशी जोडला जातो आणि स्नायूकडची चेता सुटते. मेंदूकडे निरोप जातोच, पण त्याची वाट न पाहता हात हललेला असतो.

मेरुरज्जूत शिरल्यावर वाटा फुटतात, आणि डॉक्टरांना याचा मोठा उपयोग होतो. वेदना आणि तापमान नेणारे तंतू शिरल्यावर लगेच दुसऱ्या बाजूला जातात. बारीक स्पर्श आणि सांध्यांची स्थिती कळवणारे त्याच बाजूने वर चढून थेट मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत बाजू बदलतात. त्यामुळे मेरुरज्जू एका बाजूने अर्धा कापला गेला तर खाली त्याच बाजूचा स्पर्श जातो आणि दुसऱ्या बाजूची वेदना जाते. एका पायाला टाचणी कळते पण कंप कळत नाही, दुसऱ्याला नेमकं उलट. रुग्ण खोटं बोलतोय असं वाटावं इतकं विचित्र, पण नकाशा पाहिला की एकदम सरळ.

तारांची लांबी आजारातही दिसते. मधुमेहात सहसा सगळ्यात लांब तंतू आधी मरतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढेस्तोवर हाताच्या बोटांची टोकं सुरू होतात. तपासायला मोनोफिलामेंट, म्हणजे १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, वापरतात. डोळे मिटायला सांगून तो काटकोनात टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंद ठेवून उचलायचा. चुका ठरलेल्या: घट्ट्यावर टेकवणं, त्वचेवरून ओढणं, आणि 'आता लागतंय का?' असं विचारणं. असं विचारलं की उत्तर 'हो' येतंच. 'कळलं की सांगा, कुठे ते सांगा' असं म्हणावं आणि मधूनच न टेकवताही थांबावं.

नाकपुडी:
वासाचं कोणी घेतलं नाही म्हणून थोडक्यात. वर सांगितलेल्या सगळ्या वाटा मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) जाण्याआधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यात थांबतात. वासाची वाट थांबत नाही. नाकाच्या छतातली पेशी स्वतःच चेतापेशी असते. तिचा तंतू चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर जाऊन घ्राणकंदाला (मेंदूच्या तळाशी असलेल्या वासाच्या भागाला) मिळतो आणि तिथून सरळ वासाच्या बाह्यकाकडे. माणसात वासाचे रिसेप्टर सुमारे ४०० प्रकारचे आहेत आणि साधारणपणे एका पेशीवर एकच प्रकार. एक वास अनेक प्रकारांना कमी-जास्त चाळवतो, त्या जुळणीवरून वास ओळखला जातो. ही जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, नोबेल २००४ला. डोक्याला जोराचा मार बसला की मेंदू हलतो, हाड हलत नाही, आणि चाळणीतले तंतू कापले जातात. म्हणून अपघातानंतर नाक साबूत असून वास जातो. या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात, त्यामुळे काहींचा परततो.

जाता जाता: टोकाला गोड, मागे कडू असा जिभेचा नकाशा चूक आहे. सगळ्या चवी सगळीकडे कळतात. तो अजून छापतात ही कमालच.

खटपट्या:
सगळ्यांचे आभार. अंध बिंदूचा प्रयोग मात्र फसतोय. ठिपका जात नाही, कागद अगदी नाकापर्यंत आणला तरी.

सव्यापसव्य:
तीन शक्यता. एक, झाकलेला डोळा चुकला. उजवा उघडा असेल तर बघायची फुली डावीकडे आणि ठिपका उजवीकडेच हवा. डावा उघडा ठेवलात तर ठिपका नाकाच्या बाजूला पडतो आणि कधीच जात नाही. दोन, नजर ठिपक्याकडे चोरून सरकते. हे सगळ्यात जास्त वेळा होतं. फुलीच्या जागी बारीक अक्षर लिहा आणि ते वाचत राहा, नजर खिळून राहते. तीन, कागद झरकन पुढे आणला तर ठिपका गायब होऊन परत आलेला कळतच नाही, कारण पट्टा फक्त पाच-सहा अंशांचा आहे. ४० सेंमीवरून सुरू करा, दर सेकंदाला एक-दोन सेंमी.

जमलं की ठिपक्याच्या जागी काय दिसतं ते बघा. काळं भोक दिसणार नाही, कोरा कागद दिसेल. मग ठिपक्यावरून आडवी रेघ ओढून पुन्हा करा. रेघ अखंड दिसेल.

खटपट्या:
डोळा चुकीचा झाकत होतो. गेला ठिपका, २६ सेंमीला. आणि रेघ खरंच अखंड!